चिनी स्त्रियांच्या बांधलेल्या पावलांचा इतिहास सोलापूरच्या वर्गात कसा शिकवावा

पाऊल लहान राहावे म्हणून चीनमध्ये शतकानुशतके लहान मुलींचे पाय कापडी पट्ट्यांनी घट्ट बांधले जात. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना हा इतिहास सांगायचा असेल, तर दोन सलग तासिका मागून घ्याव्यात आणि जमल्यास त्या १० ऑक्टोबरच्या आसपास ठेवाव्यात. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात द्वारकानाथ कोटणीस यांचा, पुढे चीनमध्ये जाऊन जखमींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, जन्म झाला. बरोबर एका वर्षाने, १० ऑक्टोबर १९११ रोजी, चीनमधल्या वुचांग शहरात सैनिकांनी उठाव केला आणि तिथली राजेशाही कोसळू लागली. त्या उठावातून जे प्रजासत्ताक उभे राहिले, त्याने १९१२ च्या मार्च महिन्यात मुलींचे पाय बांधण्यावर बंदी घातली. भैय्या चौकातले कोटणीसांचे स्मारक मुलांनी बाहेरून तरी पाहिलेले असते. त्या ओळखीच्या दारातून चीनमध्ये शिरले की मुले तो देश परका मानत नाहीत, आणि या विषयासाठी एवढी जवळीक आधी साधावीच लागते.

मी सोलापुरात अनेक वर्षे इतिहास शिकवला. पहिल्या वर्षी हा विषय मी चुकीच्या टोकाने धरला होता. बांधणी सोडलेल्या उघड्या पावलाचे एक जुने छायाचित्र मी फळ्यावर लावले आणि मग बोलायला सुरुवात केली. वर्गात ‘शी’ असा आवाज उठला, पुढच्या बाकांवर हसणे सुरू झाले, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने आपला उजवा पाय हळूच बाकाखाली ओढून घेतला. तिच्या पायाला जन्मापासून वाक होता आणि ते मला ठाऊक होते. त्या दिवशी मी काय शिकवले ते मुलांना आठवत नसेल, पण ती पाय ओढून घेण्याची हालचाल माझ्या डोळ्यांपुढून गेलेली नाही. तेव्हापासून मी ते छायाचित्र कधीही वापरले नाही, आणि तुम्हीही वापरू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याला आणखी एक कारण आहे. पाय बांधलेली स्त्री आपले उघडे पाऊल नवऱ्यालाही सहसा दाखवत नसे, ती झोपतानाही मऊ तळव्याचे जोडे घाले. परदेशी छायाचित्रकारांपुढे ज्यांना बांधणी सोडून बसवले गेले, त्यांच्यासाठी ते चारचौघांत विवस्त्र होण्यासारखे होते. शंभर वर्षांनंतर आपण पुन्हा तेच करण्याचे कारण नाही.

तयारी

छायाचित्राऐवजी कापड आणावे. चाटी गल्लीतल्या कोणत्याही दुकानात साधे मांजरपाट मिळते. त्याची सुमारे तीन मीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद पट्टी फाडून घ्यावी. कापड कात्रीने न कापता फाडले तर धागा सरळ जातो, हे आपल्याकडच्या मुलांना सांगावे लागत नाही. सोबत एक मोठा खाकी कागद आणि जाड पेन्सिल असावी. प्रत्येक गटातल्या एकाने स्वतःचे पाऊल कागदावर ठेवून त्याची कड काढावी, आणि टाचेपासून मोजून दहा सेंटिमीटरवर आडवी रेघ मारावी. चीनमध्ये ज्या पावलाला ‘तीन इंची सुवर्णकमळ’ म्हणत, ते तीन चिनी इंच म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर होतात. चार इंचांच्या पावलाला रुपेरी कमळ आणि त्याहून मोठ्याला लोखंडी कमळ म्हटले जाई. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या पावलाच्या मधोमध ती रेघ पडते. ती पाहून वर्ग आपोआप शांत होतो, शिक्षकाला आवाज चढवावा लागत नाही.

पट्टी कोणाच्याही पायाला बांधून दाखवू नये, गमतीनेही नाही आणि मुलाने स्वतः हौसेने मागितली तरीही नाही. ती टेबलावर उलगडून ठेवावी आणि कृती केवळ शब्दांनी सांगावी. मुलगी साधारण पाच ते आठ वर्षांची असताना, पुष्कळदा थंडीच्या दिवसांत, कारण गारठ्याने पाय थोडे बधिर होतात, आई किंवा आजी तिचे पाय कोमट पाण्यात भिजवे आणि नखे अगदी बारीक कापे. मग अंगठा तेवढा मोकळा ठेवून उरलेली चार बोटे तळव्याखाली दुमडली जात आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे देत पट्टी चवड्यावरून टाचेकडे ओढली जाई. पुढच्या महिन्यांत ती पुन्हा पुन्हा सोडून, पाय धुऊन, अधिक घट्ट बांधली जाई. बोटे मोडत, पावलाची कमान वर वाकत जाई, टाच आणि चवडा एकमेकांजवळ येऊन मध्ये खोल घळ पडे. जखमा चिघळत, आणि काही मुली त्या जंतुसंसर्गाने दगावतही. पहिली दोन वर्षे सर्वांत वेदनेची असत, मात्र बांधणी पुढे आयुष्यभर चालू ठेवावी लागे. एवढे सांगून थांबावे. चिनी भाषेत एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की छोट्या पावलांच्या एका जोडीमागे आसवांचा एक रांजण भरतो. ती म्हण फळ्यावर लिहावी आणि तासिका संपेपर्यंत पुसू नये.

सनावळी सांगताना

या प्रथेचा उगम विचारला की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सांगितली जाते: दहाव्या शतकात दक्षिण तांग राज्याचा राजा ली यू याच्या दरबारात याओनियांग नावाची नर्तकी रेशमी पट्ट्यांनी पाय चंद्रकोरीसारखे बांधून सोन्याच्या कमळावर नाचली आणि तिची नक्कल करण्याची लाट आली. ही गोष्ट जरूर सांगावी, पण आख्यायिका म्हणून सांगावी. मुलांना आख्यायिका आणि पुरावा यांतला फरक शिकवण्यासाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण आहे. लगेच तिच्या शेजारी पुरावा ठेवावा. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या फुचौ शहरात १९७५ साली एका तरुण स्त्रीची कबर उघडली गेली. तिचे नाव हुआंग शेंग. एका बड्या अधिकाऱ्याच्या घराण्यातली ही मुलगी १२४३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, लग्नानंतर थोड्याच काळात वारली होती. तिच्या कबरीत रेशमी वस्त्रांचे ढीग होते, पावलांवर तलम कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या आणि तिचे जोडे तेरा-चौदा सेंटिमीटरच्या आसपासचे होते. म्हणजे तेराव्या शतकात, सोंग राजवटीत, वरच्या वर्गात ही चाल रुळलेली होती. तेव्हाचे पाऊल अरुंद आणि लहान केलेले असे. कमान मोडून टोकाला नेलेला प्रकार नंतरच्या काळातला आहे. त्याच शतकात छ रुओश्वे नावाच्या एका विद्वानाने लिहून ठेवले आहे की काहीही अपराध न केलेल्या चार-पाच वर्षांच्या लेकरांना इतका छळ कशासाठी सोसावा लागतो ते आपल्याला कळत नाही. हा उल्लेख गाळू नये. ‘त्या काळी सगळ्यांना ते योग्यच वाटत होते’ हे वाक्य वर्गात कोणीतरी उच्चारतेच, आणि त्याला उत्तर म्हणून हा सातशे वर्षांपूर्वीचा माणूस उभा करता येतो.

चौदाव्या शतकापासून १९१२ पर्यंतच्या मिंग आणि छिंग राजवटींच्या तपशिलात फार रेंगाळू नये. या शतकांत प्रथा दरबारातून शहरांत आणि शहरांतून खेड्यांत, गरीब घरांपर्यंत उतरत गेली, एवढे पुरे. दोन गैरसमज मात्र इथेच दूर करावेत. ही चाल सगळ्या चीनमध्ये होती, हा पहिला. ती मुख्यतः हान समाजातली होती. सतराव्या शतकात सत्तेवर आलेल्या मांचू राज्यकर्त्यांनी आपल्या स्त्रियांना पाय बांधण्याची मनाई केली होती, आणि दक्षिणेकडच्या हक्का समाजातल्या शेतात राबणाऱ्या स्त्रियाही पाय बांधत नसत. दुसरा गैरसमज असा की पाय बांधलेल्या बायका चालत नसत किंवा कामाला हात लावत नसत. उत्तरेकडच्या कोरडवाहू खेड्यांत बहुतेक घरांतल्या मुलींचे पाय बांधलेले असत, आणि त्या चालत, चुलीपुढे उभ्या राहत, सुगीच्या दिवसांत गुडघ्यांवर सरकत शेतातले कामही उरकत.

पावलांकडून हातांकडे

दुसऱ्या तासिकेची सुरुवात ‘आई हे का करत होती?’ या प्रश्नाने करावी आणि मुलांना बोलू द्यावे. लग्नासाठी, हे उत्तर लवकर येते आणि ते खरेच आहे. सोयरीक जुळवणारी बाई मुलीचा जोडा मुलाच्या घरी दाखवी. त्या जोड्याच्या मापावरून मुलीची सहनशीलता आणि आईची शिस्त जोखली जाई, आणि त्यावरच्या भरतकामावरून तिच्या हाताचे कसब. लहान पाऊल चांगल्या घराचे दार उघडते, अशी समजूत होती, आणि मुलीच्या भविष्याची काळजी असलेली आईच सर्वांत घट्ट पट्टी ओढत असे. इथे मुलांना क्षणभर थांबवावे. आईला क्रूर म्हणून मोकळे होण्याची घाई त्यांना असते, ती होऊ देऊ नये.

पण लग्न हे अर्धेच उत्तर आहे, आणि उरलेले अर्धे सोलापूरच्या मुलांना जितके पटकन समजते तितके मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या दोन मानववंशशास्त्रज्ञ स्त्रियांनी चीनच्या खेड्यांतल्या सुमारे अठराशे वृद्ध स्त्रियांच्या मुलाखतींतून एक गोष्ट पुढे आणली. पाय बांधण्याच्या वयातच मुलीला हातकामाला बसवले जात असे: सूत कातणे, विणणे, जोडे शिवणे, चटया-दोऱ्या वळणे. पाच-सहा वर्षांच्या पोरीला दिवसचा दिवस एका जागी बसवून ठेवणे सोपे नसते. जिचे पाय दुखत आहेत, ती अंगणात पळत नाही. जिथे घरच्या सुताला आणि कापडाला बाजार होता, तिथे त्या कोवळ्या हातांच्या कमाईवर घर चालत होते आणि तिथेच पाय बांधणे चिवटपणे टिकले. पाऊल सुंदर दिसण्याच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, गाण्यांत आणि काव्यांत पावलेच राहिली. ते हात कोणी मोजले नाहीत.

हे सांगितल्यावर मी वर्गाला एवढेच विचारत असे की आपल्या गावात घरी बसून हातकाम कोण करते. पूर्व भागातल्या मुलांचे हात आधी वर होत. कोणाची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, हजार विड्यांच्या हिशोबाने मजुरी घेते, आणि शाळेतून आलेली बहीण कात्रीने पाने कापून देते. कोणाच्या आजीने हातमागाच्या काळात घरात बसून सुताच्या कांड्या भरल्या. एका मुलीने एकदा सांगितले की तिच्या आईला सुपापुढून उठताना गुडघे धरावे लागतात आणि तर्जनीच्या टोकाची कातडी इतकी घट्ट झाली आहे की तिथे सुई टोचली तरी कळत नाही. असे उत्तर आले की शिक्षकाने त्यावर टिप्पणी करू नये. सोलापुरात कोणी कोणाचे पाय बांधलेले नाहीत, आणि तशी सरळ तुलना करणे इतिहासाशीही अन्यायाचे होईल. मुलांना एवढेच दिसले पाहिजे की घरातल्या स्त्रीचे काम डोळ्यांसमोर असूनही इतिहासात नोंदले जात नाही, आणि ते शोधायचे असेल तर हात पाहावे लागतात.

याच ठिकाणी मुंबईचे सूत आणावे. १८७० नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांमधले जाडे सूत गासड्या भरून जहाजांनी चीनला जात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी गिरण्यांनी ती बाजारपेठ घेईपर्यंत चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या परदेशी सुताचा मोठा भाग हिंदुस्थानातला होता. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालची, म्हणजे त्याच काळातली. यंत्राचे सूत स्वस्त पडू लागले तसे चिनी खेड्यांत घरी कातलेल्या सुताची किंमत घसरली, आणि मुलीला कातायला बसवून ठेवण्याचे कारणही ढिले पडले. मुंबईच्या गिरणीत त्याच सुतावर राबणाऱ्या बायकांच्या हालांचा हिशोब वेगळा आहे, तोही मुलांना एका वाक्यात सांगावा. एकीकडचे ओझे उतरते तेव्हा दुसरीकडे कोणाच्या तरी डोक्यावर चढलेले असते, हे गिरणगावच्या मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही.

शपथेचा खेळ

प्रथा संपली कशी, हा या धड्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि त्याला निदान वीस मिनिटे द्यावीत. आधी फसलेला प्रयत्न सांगावा. मांचू राजवटीतल्या कांगशी बादशहाच्या कारकिर्दीत १६६४ साली पाय बांधण्यावर बंदी आली आणि अवघ्या चार वर्षांत, १६६८ साली, ती मागे घ्यावी लागली, कारण लोकांनी ती जुमानलीच नाही. इतक्या बलाढ्य राजसत्तेचे का चालले नाही, हे मुलांना खेळातून कळते.

चाळीस मुलांचा वर्ग असेल तर वीस चिठ्ठ्यांवर ‘मुलीचे घर’ आणि वीस चिठ्ठ्यांवर ‘मुलाचे घर’ असे लिहावे. पहिल्या फेरीत मुलांच्या सर्व घरांना सांगावे की सून पाय बांधलेलीच हवी. मग मुलींच्या घरांपैकी कोणत्याही एकाला गुपचूप सांगावे की तुम्हांला लेकीचे हाल बघवत नाहीत, तुम्ही बांधणी सोडली आहे. जोड्या जुळवायला लावल्या की ते एक घर एकटे उरते. दुसऱ्या वर्षी ते घर मुकाट्याने बांधणीकडे परतते, आणि पुष्कळदा ते खेळणारे मूल स्वतःहूनच तसे म्हणते. दुसऱ्या फेरीत मुलींची सहा आणि मुलांची सहा घरे एका कोपऱ्यात बोलवावीत आणि त्यांच्याकडून दोन शपथा घ्याव्यात: आम्ही आमच्या मुलींचे पाय बांधणार नाही, आणि आमच्या मुलांची लग्ने पाय बांधलेल्या मुलींशी करणार नाही. पुन्हा जोड्या जुळवल्या की कोपऱ्यातले कोणीही एकटे राहत नाही. तिसऱ्या फेरीत बाहेरची घरे आपण होऊन त्या कोपऱ्याकडे सरकू लागतात. मी हा खेळ पंधरा-सोळा वेळा घेतला असेल. दुसरी शपथ कशासाठी, हे एखादी मुलगीच सर्वांत आधी ओळखते.

खेळ झाल्यावर खऱ्या घटना सांगाव्यात, म्हणजे त्या लक्षात राहतात. श्यामन बंदरात १८७४ साली लंडन मिशनच्या जॉन मॅकगोवन यांनी साठेक ख्रिस्ती स्त्रियांना एकत्र करून पाय न बांधण्याची पहिली संस्था काढली. १८८३ साली कांग योउवेई या तरुण विद्वानाने कँटनजवळच्या आपल्या मुलखात चिनी लोकांची स्वतःची तशी संस्था उभारण्याचा प्रयत्न केला, आणि आपल्या मुलींचे पाय त्यांनी बांधू दिले नाहीत. १८९५ साली अ‍ॅलिशिया लिटल या इंग्रज बाईंनी शांघायमध्ये ‘नैसर्गिक पाऊल’ संस्था सुरू केली आणि गावोगाव सभा घेतल्या. १८९७ साली शांघायमध्येच लियांग छिचाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या संस्थेचे सभासद तीच दुहेरी शपथ घेत. १९०२ मध्ये राजमाता त्सशी यांनी ही चाल सोडण्याचे आवाहन करणारे फर्मान काढले. स्त्रियांचे कर्तृत्व यात दिसावे म्हणून छिउ चिन यांची ओळख अवश्य करून द्यावी. त्यांनी स्वतःच्या पायांची बांधणी सोडली, १९०४ साली जपानला शिकायला गेल्या, परत येऊन राजवटीविरुद्ध उठावाची तयारी केली आणि १९०७ च्या जुलैत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचा शिरच्छेद झाला.

परदेशी धर्मप्रचारकांनी चिनी लोकांना सुधारले, एवढाच सूर राहू देऊ नये. छ रुओश्वे यांची आठवण इथे पुन्हा काढावी, आणि आपल्याकडचा एक प्रसंग शेजारी ठेवावा: १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला होता. वस्तरा धरणारा हातच थांबला की प्रथा डळमळते, हे त्यांनी ओळखले होते. मुले चीनला नावे ठेवू लागली, तर हा प्रसंग त्यांना नम्र करतो.

आकडे आणि आलेख

आता गणिताची वही काढायला सांगावी. सिडनी गॅम्बल या अमेरिकन संशोधकाने उत्तर चीनमधल्या हेबेई प्रांतातल्या दिंगश्येन तालुक्यात १९२९ साली पाचशेहून अधिक कुटुंबांतल्या स्त्रियांची पाहणी केली. १८९० पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांपैकी शंभरांत नव्व्याण्णव जणींचे पाय बांधलेले होते. १९०५ ते १९०९ या वर्षांत जन्मलेल्यांत हे प्रमाण साठावर आले, १९१० ते १९१४ मधल्यांत विसाच्या आत, १९१५ ते १९१९ मधल्यांत सहाच्या आसपास, आणि १९१९ नंतर जन्मलेल्या एकाही मुलीचे पाय बांधलेले आढळले नाहीत. हे बिंदू कागदावर मांडले की रेघ अगदी कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. हजार वर्षांची चाल त्या तालुक्यात तीस वर्षांत संपली. सगळीकडे मात्र इतक्या झटपट ती संपली नाही. आतल्या डोंगराळ भागांत ती पुढेही काही दशके लपूनछपून चालू राहिली, हे सांगायला विसरू नये.

उतरत्या रेघेकडे पाहून मुले टाळ्या वाजवतात. त्या वेळी ज्यांचे पाय आधीच मोडून बांधले गेले होते, त्यांच्याकडे लक्ष वळवावे. वाढलेले, वाकलेले पाऊल पट्टी सोडली म्हणून पूर्ववत होत नाही, आणि आधार गेल्यामुळे चालणे उलट अधिक दुखते. शांशी प्रांतात प्रांतप्रमुख यान शीशान यांच्या राजवटीत १९१७ पासून तपासनीस घरोघर फिरले, दंड झाले. ज्या पावलांसाठी या बायकांची पोरवयात वाहवा झाली, त्याच पावलांसाठी प्रौढपणी त्यांना मान खाली घालावी लागली. बीजिंगमधल्या सत्तर वर्षांवरच्या १९३ स्त्रियांची तपासणी करून १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऐंशी किंवा त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांपैकी ३८ टक्के जणींच्या पावलांवर बांधणीच्या खुणा होत्या. त्या इतरांपेक्षा अधिक वेळा पडत, त्यांना उकिडवे बसणे अवघड जाई आणि आधाराशिवाय खुर्चीवरून उठणेही कठीण होई. हार्बिन शहरातल्या एका कारखान्यात अशा पावलांसाठीचे जोडे १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत तयार होत होते. त्या काळात तुमच्या वर्गातल्या मुलांचे आईवडील शाळेत होते, एवढे म्हटले की काळाचे अंतर त्यांना कळते.

शेवटची दहा मिनिटे कोटणीसांकडे परतावे. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून ते चीनला गेले आणि पुढे याच हेबेई प्रांतात, गॅम्बल यांची पाहणी झाली त्या मुलखाजवळच्या तांगश्येन तालुक्यातल्या खेड्यांत, त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. तिथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुलांनी आपला आलेख पुढे ठेवून हिशोब करावा: १९४० साली त्या भागातल्या खेड्यात पन्नाशी ओलांडलेल्या शंभर बायकांपैकी किती जणींचे पाय बांधलेले असतील, आणि वीस वर्षांच्या मुलींपैकी किती जणींचे? सोलापूरचा तो डॉक्टर ज्या गल्ल्यांतून चालला, तिथे लाकडी उंबऱ्यावर बसलेली आजी आणि दवाखान्यात धावणारी परिचारिका एकाच घरातल्या असू शकत होत्या. कोटणीसांच्या पत्नी क्वो छिंगलान यांचा जन्म १९१६ सालचा आणि त्या परिचारिकांना शिकवत. मुलींना त्यांचे नाव आणि जन्मसाल आलेखाच्या खाली लिहायला सांगावे.

गृहपाठ एकच द्यावा. घरातल्या सर्वांत वयस्क स्त्रीला तीन गोष्टी विचारायच्या: पहिले हातकाम कोणते, ते कोणत्या वयात सुरू झाले, आणि ते करताना कुठे बसत होतात. उत्तर तेलुगूत किंवा कन्नडमध्ये मिळाले तर आधी तसेच लिहून घ्यावे आणि मग मराठीत आणावे. वर्गात वाचून दाखवण्यापूर्वी मुलाची आणि घरच्यांची परवानगी घ्यावी, आणि कोणी वही कोरी आणली तर कारण विचारू नये.

त्या पाय ओढून घेणाऱ्या मुलीनंतर चार वर्षांनी, तिची धाकटी बहीण माझ्या वर्गात आली. तिने गृहपाठात लिहिले होते की आजी सहाव्या वर्षी कांड्या भरायला बसली, दाराच्या आत, उजेड येईल अशा बेताने, आणि बाहेर पोरे लगोरी खेळत ती तिला तिथून दिसत. खाली तिने आजीच्या तळहाताची कड पेन्सिलने काढली होती आणि पावलाचे माप घेतो तसे, मनगटापासून मधल्या बोटापर्यंत मोजून, सेंटिमीटरमध्ये लिहिले होते.